कापोएरातली रास्तेइरा: पाय कधी काढायचा, कसा काढायचा, कुठे चुकतं

तिरकी_चाल (धागाकर्ता)

कापोएरा या ब्राझीलच्या लढाऊ खेळातले पाडायचे डाव मराठीत एका जागी लिहून ठेवावेत म्हणून हा धागा. उड्या, कोलांट्या, बेरिंबाउचे (एकतारी धनुष्यासारखं वाद्य) ताल हे सगळं वेगळ्या धाग्यावर घेऊ. इथे फक्त पाय काढणं. सुरुवात रास्तेइरापासून, म्हणजे खाली जाऊन पायानं समोरच्याचा टेकलेला पाय ओढून काढण्यापासून करतो, बाकीचे भर घालतीलच.

आधी हा डाव कशावर चालतो ते. लाथ हवेत असताना माणसाचं सगळं वजन एका पायावर असतं. फिरत्या लाथेत तर तेवढंही नाही. गिरकी चवड्यावर चाललेली असते, टाच उचललेली असते. त्या वेळी टाचेला आकडा लावून ओढलं की पाऊल निघून जातं, कंबर जागच्या जागी राहते आणि मग खाली येते. जोर फारसा लागत नाही. मात्र लाथ सुटायच्या आधी वजन दोन्ही पायांवर असतं आणि लाथ टेकल्यावर पुन्हा दोन्ही पायांवर. त्या वेळी कितीही ओढा, समोरचा हलत नाही.

उदाहरणादाखल आर्मादा, म्हणजे गिरकी घेऊन आतून बाहेर मारायची लाथ घेऊ. समोरच्यानं उजव्या पायानं मारली, तर ती तुमच्या उजवीकडून डावीकडे येते. त्याचा टेकलेला पाय डावा, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला.

१. त्यानं पाठ वळवली की लगेच खाली जायला लागा. लाथ दिसेपर्यंत थांबलात तर चुकवणं तेवढं होईल, पुढचं राहून जाईल.

२. डावा गुडघा पूर्ण वाकवा, वजन डाव्या चवड्यावर घ्या. धड डावीकडे, म्हणजे लाथ जाते त्याच दिशेला. दोन्ही हात डाव्या बाजूला जमिनीवर. एकच टेकवता आला तर दुसरा चेहऱ्यासमोर हवा.

३. उजवा पाय पूर्ण मोकळा. तळवा जमिनीला घासत बाहेरून अर्धवर्तुळात न्या, त्याच्या टाचेच्या जरा पलीकडे.

४. चवडा नडगीकडे ओढा आणि किंचित आत वळवा. हा झाला आकडा. तुमच्या घोट्याचा पुढचा भाग त्याच्या टाचेवरच्या खाचेत बसला पाहिजे.

५. आता ओढा. कंबर फिरवून, उजवीकडून डावीकडे, तळवा न उचलता. त्याचं पाऊल सुटल्यावरही ओढ वीतभर पुढे चालू राहू दे.

नजर सगळा वेळ त्याच्यावर. केशादा या लाथेला हेच चालतं, कारण तीही आतून बाहेर जाते. मेया लुआ दे फ्रेंते ही लाथ बाहेरून आत येते, त्यामुळे तिथे सगळं उलट: उजवी लाथ तुमच्या डावीकडून उजवीकडे येईल, हात उजवीकडे टेकतील आणि डावा पाय फिरेल.

---

नवखा_पाय

मस्त धागा. एक शंका. आमच्या सरावात पाय लागतो पण जोडीदार पडत नाही, नुसता लंगडतो आणि वैतागतो. माझ्याही नडगीवर निळे डाग. वेळ चुकतेय का?

---

कोटाफरशी

वेळ नंतर बघू. नडगीवर डाग म्हणजे तुम्ही पाय ओढत नाही आहात, मारताय. रास्तेइरात धडक नसतेच. पाय आधी टाचेला टेकतो, मग ओढतो. या दोन गोष्टी वेगळ्या करून बघा.

घरी करायची चाचणी: जुना टॉवेल चौघडी घालून फरशीवर ठेवा. खाली बसून, हात टेकवून, पायाच्या आकड्यानं तो अर्धवर्तुळात ओढा. टॉवेल पायाबरोबर शेवटपर्यंत सरकला तर तळवा जमिनीवर आहे. मधेच मागे राहिला तर पाय उचलला जातोय, आणि उचललेला पाय टाचेऐवजी नडगीवरच आपटणार. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा, हळू.

दुसरं, तुमचं वजन कुठे आहे ते पाहा. ओढत्या पायावर थोडंसं जरी वजन राहिलं तरी तो घसरत नाही, अडकतो. तपासायचं कसं? खाली गेल्यावर फिरता पाय जमिनीपासून बोटभर उचलून बघा. उचलता येत नसेल तर बूड मागे राहिलंय. कंबर वाकलेल्या पायाच्या टाचेवर आणा.

तिसरं अंतर. नवे लोक लाथेला घाबरून मागे सरकतात, मग पाय ताणून ताणून जेमतेम बोटांनी शिवतात. बोटांच्या टोकानं कोणी पडत नाही, आपलंच बोट मुरगळतं. जाताना तिरकं पुढे जा. लाथेचा मार टाचेला आणि पावलाला असतो. मांडीजवळ, खाली, तुम्ही जास्त सुरक्षित असता.

---

तिरकी_चाल

+१. यात भर: टेकलेल्या पावलाची बोटं कुठे वळलीत ते बघायची सवय लावा. पाऊल लांबीच्या दिशेनं, म्हणजे टाचेकडून बोटांकडे, चटकन निघतं. आडवं ओढायला गेलात तर तळव्याची पूर्ण धार जमिनीला धरून बसते, आणि सगळा ताण गुडघ्यावर जातो.

म्हणून बेन्सांववर पाय काढणं सगळ्यांत स्वच्छ. छातीवर सरळ ढकलणारी लाथ, टेकलेल्या पायाची बोटं तुमच्याकडेच. नेगातिवात (एक पाय दुमडून, दुसरा लांबवून, हात टेकवून जमिनीलगत बसणं) खाली जा, लांबवलेल्या पायाचा आकडा त्याच्या टाचेमागे घाला, स्वतःकडे ओढा. कापोएराचे नामवंत गुरू मेस्त्रे बिंबा यांच्या आठ शिकवणी-साखळ्यांपैकी बऱ्याच साखळ्यांचा शेवट असाच आहे: एकानं बेन्सांव, दुसऱ्यानं नेगातिवा, पहिला आऊ (हातांवरची आडवी कोलांटी) घेऊन निसटतो, दुसरा डोक्यानं ढुशी दाखवतो. बरेच जण त्यातली नेगातिवा नुसतं खाली बसणं म्हणून उरकतात. तिथे पायाला काम आहे. टाच खेचली गेली म्हणून तर पहिल्याला आऊ घ्यावी लागते.

---

लाल_माती

कुस्तीवाला आहे, कापोएरा बाहेरून बघतो. आमच्याकडे पट काढतात तो हातानं; खांदा मांडीला लावून, डोकं बरगडीला चिकटवून. तुमच्यात हातानं पाय धरणं चालतं का? की नुसता पायानं पाय?

---

बेरिंबाउवाली

चालतं. आरास्तांव म्हणजे जवळजवळ तुमचा दुहेरी पटच. दोन्ही हात गुडघ्यांमागे, खांदा किंवा डोकं पोटाला, हात स्वतःकडे आणि खांदा पुढे. फरक एवढाच की धरून ठेवत नाहीत. पाडलं की सोडून बाजूला व्हायचं, वर बसून चीत करणं नाही. बोका दे काल्सा त्याच घराण्यातला, त्यात विजारीचे पायचे किंवा घोटे धरून खेचतात. क्रूझमध्ये समोरून येणारी लाथ चुकवून तिच्याखाली शिरतात आणि हात पसरून पाय वर उचलतात.

पायानं पाय काढण्याचं मूळ मात्र बरंचसं बातुकेत शोधतात. ब्राझीलमधल्या बाहिया प्रांतातला हा जुना खेळ: एक जण पाय घट्ट जोडून उभा राहायचा, दुसरा पायांनी त्याला उखडायचा. बिंबांचे वडील बातुकेतले नामांकित खेळाडू होते. बिंबांनी 1930 च्या दशकात साल्व्हादोरला जी 'लुता रेजिओनाल बाइआना' (कापोएराची रेजिओनाल शैली) उभी केली, तिच्यात बातुकेतल्या बांदा (उभ्यानं पाय काढणं) वगैरे गोष्टी आल्या. रिओत याच जातीच्या खेळाला पेर्नादा म्हणतात. ब्राझीलच्या 1890 च्या दंडसंहितेनं कापोएरा गुन्हा ठरवली होती, तेव्हा रस्त्यावर पोलिसाच्या हाती सापडायच्या आत माणूस आडवा करून पळणं याला किंमत होती. उड्यांपेक्षा पाय काढणं जुनं असावं असं मला वाटतं ते म्हणूनच.

---

नवखा_पाय

टॉवेल सरकला! धन्यवाद कोटाफरशी. आता पुढचा प्रश्न, मेया लुआ दे कोम्पासोवर (हात जमिनीवर टेकवून फिरत टाचेनं मारायची लाथ) रास्तेइरा कशी बसवायची? वर्गातले सीनियर सगळे तीच मारतात.

---

कोटाफरशी

माझं स्पष्ट मत: नव्या माणसानं कोम्पासोवर पाय काढायच्या भानगडीत पडू नये. हात जमिनीवर असतो, त्यामुळे पाय निघाला तरी तो हातावर सावरतो आणि रोले (जमिनीलगत हात टेकवून वळत सरकणं) घेऊन बाहेर. पदरात काही पडत नाही, आणि चुकलात तर वेगात येणारी टाच कानशिलावर. एस्किवा (अंग वाकवून लाथ चुकवणं) घ्या, बाहेर पडा.

---

बेरिंबाउवाली

असहमत. कोम्पासोवर जायचं असतं ते लवकर. तीन टप्पे धरा: पाऊल आडवं टाकणं, हात टेकणं, टाच फिरून येणं. तिसऱ्या टप्प्यात शिरलात तर कोटाफरशी म्हणतात तेच होणार. पहिला संपून दुसरा सुरू होताना, त्याचं डोकं खाली जात असताना, तुम्ही आधीच खाली असायला हवं. त्या वेळी त्याची नजर तुमच्यावरून क्षणभर सुटलेली असते आणि वजन पुढच्या पायावर आलेलं असतं.

आणि तो हातावर सावरला तरी बिघडलं काय? त्याची लाथ मोडली, तो खाली, तुम्ही त्याच्या शेजारी. अंगोलात, म्हणजे कापोएराच्या संथ, जमिनीलगतच्या शैलीत, तेवढ्यावर अर्धा खेळ तुमचा. कित्येकदा तिथे पाय पूर्ण ओढतही नाहीत. आकडा टाचेला लावून थांबतात, समोरच्याला कळतं, बघणाऱ्यांनाही कळतं. पाडणं सोपं असताना न पाडणं याला तिथे जास्त मान.

---

कोटाफरशी

अंगोलाच्या संथ खेळात ठीक. साओ बेंतो ग्रांदे हा जलद ताल वाजत असताना असं थांबायला जाल तर तुमचाच पाय अडकेल. आणि प्रश्न विचारणारा नवखा आहे, हे विसरू नका.

---

बेरिंबाउवाली

वेगाबद्दल मान्य. मग सरावात असं करा: जोडीदारानं कोम्पासोचा पहिला टप्पा घेऊन थांबायचं, तुम्ही खाली जाऊन आकडा लावायचा, ओढायचं नाही. तो न अडखळता जमला की त्यानं दुसऱ्या टप्प्यापर्यंत जायचं. तिसरा टप्पा जोडा तो अर्ध्या वेगानं. कानशिलाची काळजी असेल तर वरचा हात कोपरापासून वाकवून डोक्याला लावून ठेवा.

---

हाडवैदू

फिजिओच्या नजरेतून दोन शब्द. इथल्या चर्चेत पडणाऱ्याचा विचार कमी झालाय.

पाय निघाला की माणसाचा हात आपसूक मागे जातो, कोपर ताठ आणि बोटं मागच्या दिशेला. मनगटाचं हाड मोडतं ते असंच. शिकवायचं ते उलट: हनुवटी छातीला, न ओढलेला पाय लगेच दुमडायचा म्हणजे पडण्याची उंची निम्मी होते, बुडाच्या एका बाजूवर बसायचं, माकडहाडावर नाही. हात टेकवायचा तर कोपर थोडं वाकलेलं आणि बोटं पुढे किंवा बाहेर. कापोएरात याची सोय आयतीच आहे, पडता पडता नेगातिवा घ्यायची. ज्याला नेगातिवात दोन्ही बाजूंनी पटकन जाता येत नाही त्याच्यावर रास्तेइराचा पूर्ण वेगानं सराव करू नये.

जमीन. आपल्याकडे बरेच वर्ग रबरी जिगसॉ मॅटवर चालतात. पडायला बरी, पण टेकलेलं अनवाणी पाऊल तिच्यावर चिकटतं. वर ओढ लागते, पाऊल सुटत नाही, आणि मांडी नि नडगी वेगवेगळ्या दिशांना फिरतात. गुडघ्याचे अस्थिबंध फाटायला हे पुरेसं आहे. मॅटवर ओढ निम्मी ठेवा, आणि पाऊल सुटत नाही असं वाटलं की सोडून द्या. सिमेंटवर किंवा कोटाच्या फरशीवर पाऊल छान निघतं, पण पडणं कठीण. लाकडी जमीन असेल तर उत्तम.

बुटांचंही तेच. अंगोलावाले बूट घालून खेळतात. रबरी तळ असेल तर आकडा अडकतो, पुढे जात नाही. जुने, तळ गुळगुळीत झालेले कॅनव्हास बूट चालतात.

---

लाल_माती

मातीत हा त्रास कमी, पाय रुततो पण माती सोडते. आणि तेझोराचं काय? कात्रीसारखा दोन पायांत धरून पाडतात तो. बघायला भारी वाटतो.

---

हाडवैदू

बघायलाच ठेवा. ज्युडोत हाच डाव कानी-बासामी या नावानं होता; 1980 मध्ये एका स्पर्धेत जपानी ज्युडोपटू यासुहिरो यामाशिता यांचा पाय त्यानं मोडला, आणि पुढे स्पर्धांत त्याला बंदी आली. धोका एकाच जागी आहे: उडी मारणाऱ्याचं सगळं वजन टेकलेल्या गुडघ्यावर बाजूनं पडलं तर गुडघ्याला वाकायला दिशाच उरत नाही.

---

तिरकी_चाल

बंदीच्या बाजूनं मी नाही, पण उडी मारून तेझोरा नकोच. कापोएरातली जमिनीवरची तेझोरा वेगळी आहे. आधी हात जमिनीवर, वजन हातांवर, मग पाय. एक पाय त्याच्या पोटऱ्यांमागे खाली, दुसरा पुढून मांडीवर किंवा कमरेवर, आणि कंबर फिरवून त्याला मागे बसवायचं. दोन्ही पाय गुडघ्याच्या एकाच पातळीवर कधीच नकोत. खालचा मागून पुढे आणि वरचा पुढून मागे, तर तो मागे बसतो. दोन्ही एकाच उंचीवर दाबले तर गुडघा मधे सापडतो. सरावाला जोडीदारानं पाय सैल, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि कात्री लागली की स्वतःहून बसावं. ताठ उभा राहून "पाडून दाखव" म्हणणाऱ्यावर हा डाव करू नये.

आता उभ्यानं करायच्या डावांकडे वळतो, कारण मार्तेलो ही लाथ राहिली. मार्तेलो गोलाकार येते, पायाच्या वरच्या भागानं लागते, आणि टेकलेलं पाऊल बाहेर वळलेलं असतं, टाच बरीचशी तुमच्याकडे. खालून आकडा लावून स्वतःकडे ओढायला तिथे धड काही सापडत नाही. इथे बांदा. लाथ सुटत असतानाच एक पाऊल आत टाका, लाथेच्या बाजूचा हात कानाला लावून. जवळ गेल्यामुळे लाथ मांडीच्या जाड भागानं लागते, मार निम्म्याहून कमी. मग तुमचा पाय त्याच्या टेकलेल्या पायामागे, पोटरी पोटरीला लागलेली, आणि दुसऱ्या हातानं किंवा खांद्यानं छातीला रेटा. पाय एकीकडे, छाती दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच क्षणी. इथे बहुतेकांचं चुकतं: आधी छाती ढकलतात, समोरचा पाऊल मागे टाकतो, मग पाय मारतात तो हवेत.

व्हिंगातिवा हा डाव हाच विचार आणखी खोल नेतो. तुम्ही बाजूनं शिरता, गुडघे चांगले वाकवून, पुढचा पाय त्याच्या पायांमागे, पुढचं कोपर चेहऱ्यासमोर आणि दुसरा हात त्याच्या हातांवर लक्ष ठेवायला. कंबर त्याच्या कमरेखाली असली पाहिजे. मग गुडघे सरळ करत धड त्याच्यावरून मागे फिरवा. उंच माणसाला हे जड जातं, कारण बसकण कमी पडते. शिरताना कोपर खाली राहिलं तर तोंडावर डोकं किंवा गुडघा मिळतो.

---

नवखा_पाय

आणि आपल्यावर रास्तेइरा आली तर? आकडा लागल्याचं कळतं पण तोवर उशीर झालेला असतो.

---

कोटाफरशी

लागल्यावर ताठ होऊ नका. पहिली प्रतिक्रिया तीच असते आणि तिच्यामुळेच जोरात आपटता. टेकलेला गुडघा वाकवा, हात खाली, आणि ओढ जिकडे आहे तिकडेच जाऊन नेगातिवा किंवा आऊ घ्या. लाथ अजून सुटलेली नसेल तर ती अर्ध्यात मोडून पाय टेकवा.

त्याहून बरं म्हणजे अशी लाथ मारूच नका जिच्यावर पाय काढता येईल. गिरकी घेताना डोकं आधी फिरवा, खाली कोण गेलं ते दिसेल. समोरचा आधीच खाली असेल तर उंच आर्मादा कशाला? आणि एकच लाथ एकाच तालात तीनदा मारू नका. रास्तेइरा बसवणारा तुमच्या लाथेपेक्षा तुमचा ताल बघत असतो. तिसऱ्या वेळी तो खाली जाऊन वाट पाहतोय असं समजा.

---

बेरिंबाउवाली

हे शेवटचं फार महत्त्वाचं. म्हणून सरावाची शेवटची पायरी मोजून करू नये. सुरुवातीला मोजून ठीक: जोडीदार भिंतीला हात लावून एक पाय उचलून उभा, तुम्ही हळू आकडा लावून ओढा, तो हळूच बसतो. मग ठरलेली आर्मादा, अर्ध्या वेगानं. नंतर त्यानं जिंगातून (कापोएराची मूळ झुलती चाल) कधीही, कुठल्याही पायानं एक लाथ मारायची, आणि तुम्ही ठरवायचं: चुकवायची, की शिरायचं. पाचातल्या एकावर शिरलात तरी चालेल. प्रत्येक लाथेवर पाय टाकणाऱ्याला समोरचा लाथेची नुसती हूल दाखवतो आणि खाली बसवून वरून काम करतो.

---

नवखा_पाय

हूल दाखवली तर खालून उठायचं कसं?

---

बेरिंबाउवाली

उठायचंच नाही, रोले. हात आधीच जमिनीवर आहेत. ओढायला नेलेला पाय मागे घेऊन त्याच बाजूनं वळत बाहेर पडा, तोंड त्याच्याकडे ठेवून. सरळ उभं राहायला जाल तर डोकं नेमकं त्याच्या गुडघ्यासमोर येईल.